पहिलं नाव

मनोहरराव राऊत सहयोगी संचालक झाले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चपलेला बागेची माती लागायची बंद झाली. विद्यापीठाच्या फळबाग विभागात संशोधनावर देखरेख ठेवायचं ते पद. म्हणजे प्रयोग दुसऱ्यांनी करायचे, नागपूरच्या उन्हात दुसऱ्यांनी भाजून निघायचं, आणि साहेबांनी पंख्याखाली बसून विचारायचं, "काय मग, कुठवर आलं?" खुर्चीच्या पाठीला टॉवेल होता, दारावर पाटी होती. माणसानं आणखी काय मागावं?

पण मनोहररावांच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं शामला गावंडे.

शामला काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिशीही उलटली नव्हती. तिला संशोधनाची नोकरी मनोहररावांनीच दिली होती, आणि आता तीच नोकरी त्यांच्या डोळ्यांत सलत होती. संत्र्याची झाडं फुलावीत म्हणून हिवाळ्यात त्यांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. तरुणपणी मनोहररावांनी सांगितलं होतं, पानं गळेपर्यंत ताण द्या. तो त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक स्वतःचा शोध. सगळ्या विदर्भात त्याच हिशेबानं बागांचं पाणी तोडलं-सोडलं जात होतं. आणि ही मुलगी म्हणत होती, हलक्या जमिनीत एवढं छळू नका, पान मलूल झालं की पाणी सोडा. म्हणत होती एवढंच असतं तर चाललं असतं. तिच्या प्रयोगाच्या बागेतली झाडं फळांनी वाकली होती.

एके दिवशी काटोलकडचेच मारोतराव नावाचे बागाईतदार हातात सुकलेली फांदी घेऊन आले. मनोहरराव लगबगीनं दारात गेले. मारोतरावांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, त्या शामलाबाई कुठं बसते?"

"मी आहे ना. दाखवा मले."

"नाही, तुम्ही कायले तकलीफ घेता? मोठे साहेब तुम्ही. त्यायलेच दाखवतो."

मोठे साहेब! मनोहररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्यांनी दोन शिपायांना आणि एका टायपिस्टला विनाकारण झापलं. संध्याकाळी कार्यालयातून निघताना त्यांनी शामलाच्या बागेकडे मान वळवून पाहायचंसुद्धा टाळलं.

त्यांचा सगळा जीव अडकला होता एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये संचालक रुपरावजी निवृत्त होणार, आणि त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार ते त्या वर्षी छापायला गेलेल्या पेपरांवरून, म्हणजे शोधनिबंधांवरून, ठरणार. त्या बाबतीत मनोहरराव निर्धास्त होते, कारण विभागाची रीतच तशी होती. कुणीही कसलाही पेपर लिहो, पहिलं नाव सहयोगी संचालकांचं. लिंबावर लिहा, पेरूवर लिहा, वाळवीवर लिहा, पहिले राऊत, मग लिहिणारा. तरुण असताना त्यांच्या ताणाच्या पेपरावरही पहिलं नाव तेव्हाच्या साहेबांचं होतं, ज्यांनी बाग फक्त फोटोत पाहिली होती. तेव्हा मनोहरराव रात्रभर रडले होते. आता त्यांची पाळी आली होती.

त्या रीतीला आणखी एक बाजू होती. एखाद्या पेपरावरून साहेबांनी आपलं नाव काढलं, की संशोधन समितीतले सगळे समजून जात, साहेबांना हे पटलेलं नाही. मग त्या पेपराचं काही खरं नसे. कुणाला वाईटही बोलावं लागत नसे.

शामलाचा पेपर टेबलावर आला. राऊत, गावंडे. मनोहररावांनी तो वाचला, पुन्हा वाचला. चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, मग त्यांना हे करावं लागलं नसतं. त्यांनी पेन उघडलं आणि स्वतःचं नाव खोडलं.

"सर?" शामला गोंधळली. "तुमचं नाव काहून खोडलं?"

खरं कारण तोंडावर कसं सांगणार? मनोहरराव मधाळ हसले. "बागेत तुम्ही राबल्या. नाव तुमचंच पाहिजे."

पोरीचे डोळे भरून आले. मनोहररावांना वाटलं, रड बाई, बैठकीत आणखी रडायचं आहे.

हिवाळ्यात पेपर मंजूर करायच्या समितीच्या बैठकीला सगळे जमले. टेबलावर वर्षभराच्या पेपरांची चळत होती. शामलाचा पेपर वर येताच रुपरावजींनी चष्मा सावरला. "मनोहरराव, यावर तुमचं नाव दिसून नाही राहिलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. झालं, आता घाव बसणार. मनोहररावांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, की माझं..."

"मी सांगू का, सर?" शामला ताडकन उभी राहिली. "साहेबांनी आपल्या हातानं खोडलं. म्हणाले, बागेत तुम्ही राबल्या, नाव तुमचंच पाहिजे. असा साहेब मी तं पाहिला नाही, बाप्पा."

 रुपरावजींनी टेबलावर थाप मारली. "लाज वाटून राहिली गा मले! इतकी वर्षं मीही पोरायच्या कामावर नाव लावत आलो. माझ्या मनात कधी आलं नाही, ते या माणसाच्या मनात आलं." टाळ्या पडल्या. कोपऱ्यातले तरुण तर जोरात वाजवत होते, आणि ते स्वाभाविकच होतं. "आपण ठराव करू. ज्यानं प्रयोग केला नाही, त्याचं नाव पेपरावर जाणार नाही. या बैठकीपासून. सूचक, मनोहरराव राऊत. काय, मनोहरराव?"

आता नाही कसं म्हणायचं? मनोहररावांनी मान हलवली. रुपरावजींनी मनोहररावांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि चळतीतल्या एकेका पेपरावरचं 'राऊत' खोडायला घेतलं. लिंबावरचं गेलं, पेरूवरचं गेलं, वाळवीवरचं गेलं. मनोहरराव हसत बसले होते. एप्रिल त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून चालला होता आणि लोक त्यांच्याशी हात मिळवत होते.

धरमपेठेतल्या घरी ते पोचले तेव्हा त्यांच्या आधीच संत्र्यांची टोपली पोचली होती. शामलानं स्वतः आणून दिलेली, तिच्या प्रयोगाच्या बागेतली. प्रेमिलाताईंनी नवऱ्यासाठी एक सोलून ठेवलं होतं.

"ती पोरगी किती गुण गाऊन गेली तुमचे! म्हणे साहेब देवमाणूस आहेत. एप्रिलमध्ये तुमच्याशिवाय दुसरं कोण संचालक होणार आता?"

मनोहररावांनी टोपलीकडे पाठ फिरवली.

"खाऊन तं पाहा."

त्यांनी फोड तोंडात टाकली. रसानं तोंड भरलं. इतकं गोड संत्रं त्यांच्या बागेत कधी लागलं नव्हतं, पानं गळेपर्यंत ताण देऊनसुद्धा. तरुणपणी साहेबांनी नाव पळवलं तेव्हाही इतकं झोंबलं नव्हतं, कारण तेव्हा निदान झाडं त्यांची होती.

"कसं आहे?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"आंबट आहे," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांचा हात दुसऱ्या फोडीकडे गेला.