सोमवारची फेरपरीक्षा

मंजुश्रीनं आईचं उजवं मनगट धरलं, हात पाठीमागं नेला आणि कोपर वर उचललं. गीताबाईनं नुसता खांदा झटकला. पोरगी दोन पावलं मागं गेली.

"अशानं चोर धरणार व्हय तू? त्याला च्या बी विचार."

कलबुर्गीला पोलिसाच्या ट्रेनिंगमध्ये हा एकच धडा मंजुश्रीला जमत नव्हता. धावण्यात ती पुढं, कायद्यात पुढं. पण समोरची बाई कण्हली की हिची पकड सुटायची. उद्या फेरपरीक्षा. वर्दी हुकली तर पुन्हा नवऱ्याचं घर, असं भावांनी बजावलं होतं. म्हणून रविवारी दुबलगुंडीला माहेरी येऊन अंगणात गोणपाट अंथरून ती आईवर सराव करत होती. ट्रेनिंगमधल्या उस्तादांचा नियम तिनं आईला आधीच सांगितला होता : सहन होईना झालं की जमिनीवर थाप मारायची, पकडणारा लगेच सोडतो.

गीताबाईचा जन्म उसाच्या मोळ्या उचलण्यात गेलेला. पोरीला ती आवरेना. चार वेळा सुटली. पाचव्यांदा मान न वळवता म्हणाली,

"तू रडत आलीस तवा तुला परत सासरच्या बसमधी कुणी बसवलं? म्या. दोनदा."

मंजुश्री थांबली.

"तो काय करतो ते म्हाईत होतं मला. तरी बसवलं."

मनगटावरची तिची बोटं आवळली. गीताबाई गुडघ्यावर आली, मग तिचा गाल गोणपाटाला टेकला. डावा हात मोकळा होता. तो जमिनीपासून वीतभर वर तसाच राहिला. मनगटात काहीतरी कडकन वाजलं, तरी तो खाली आला नाही.

शेवटी मंजुश्रीनंच सोडलं. थाप कामून मारली नाहीस, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. गीताबाई डाव्या हातानं पदर सावरत होती.

शेजारची चंद्रम्मा विरजण मागायला आली, ती सुजलेला हात बघून दारातच थबकली.

"मोरीत पडली," मंजुश्री घाईनं म्हणाली.

गीताबाईनं मान वर केली. चार वर्षांमागं पोरीच्या फुटलेल्या ओठाचं गल्लीला काय सांगायचं असा प्रश्न पडला, तेव्हा हेच शब्द तिनं शोधून काढले होते.

"पडले न्हाई, चंद्रम्मा. हिनं मोडलंय." तिनं गोणपाटावर जागा केली. "टेक इथं. कामून मोडलं, ते बी सांगते."