आभा बाजूला आहे

जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं आणि आभाने त्यावर घराचा नकाशा पसरला, तेव्हा नाशिकच्या हिरावाडीतल्या त्या बंगल्यात सगळे खुशीत होते. सिंहस्थ तोंडावर आला होता. ढुंढिराजशास्त्रींकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान दूरदूरहून येत, त्यांच्यासाठी वर एक मजला चढवायचा, खालचं घरही जरा सुधारून घ्यायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी महापालिकेची बांधकाम परवानगी हवी होती. शास्त्रीबुवांना त्याची काळजी नव्हती. त्यांची सून आभा परवानाधारक इंजिनियर होती. नकाशा तीच काढणार, सही तीच करणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

मयुरेशला, म्हणजे आभाच्या नवऱ्याला, बाल्कनी हवी होती. सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, ओट्यासमोरची खिडकी मोठी मागितली. सहावीतल्या लेकीला, ऋचाला, भिंतीतून निघणारं टेबल हवं होतं. आभा पेन्सिलीने सगळ्यांचे हट्ट टिपून घेत होती. शेवटी शास्त्रीबुवांनी नकाशावर बोट ठेवलं ते पार मागे, जिन्याखालच्या खोलीवर.

"ही दोन फूट लांब कर."

"कशाला, बाबा?"

"आणखी एक कॉट बसायला हवी. ऋचा काय, वर्षा-दोन वर्षांत मोठी होईल. मग दोघींची सोय नको का?"

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. नातीची काळजी वाहणाऱ्या आजोबाने बोलावं तसे ते मायेने बोलले, आणि बडीशेप तोंडात टाकून वामकुक्षीला गेले.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिला खिडकी नव्हती. घरात उघडणारं दारही नव्हतं. होतं ते बाहेरच्या बोळात उघडणारं एक पत्र्याचं दार. आत एक कॉट, एक चटई, वेगळं ताट, वेगळी बाटली. दर महिन्याला आभाची पाळी आली की ती या खोलीत राही. मात्र 'पाळी' हा शब्द या घरात कोणी उच्चारत नसे. म्हणायचं, 'आभा बाजूला आहे.' कोणाचा फोन आला तर लहानग्या ऋचालासुद्धा तेच पढवलेलं होतं. "आई बाजूला आहे," ती पोपटासारखी सांगे.

आणि ही आभा काही अडाणी नव्हती. त्या दिवसांतही ती बोळातूनच स्कूटर काढून ऑफिसला जाई, कॉलेज रोडवरच्या इमारतींच्या स्लॅबवर उभी राही, माणसांना सूचना देई. तिच्या शिवण्याने एकही इमारत खाली आली नव्हती. संध्याकाळी घराच्या फाटकापाशी पोचली की मात्र ती विटाळशी होई. काय म्हणावं या शास्त्राला, ज्याची हद्द आपल्याच कंपाउंडच्या भिंतीला संपते! ती ही गोष्ट मयुरेशजवळ काढी, तेव्हा तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणे, "अगं, चार दिवस आराम मिळतो, तो घे ना. बाबांशी कशाला वाद?" आरामच एवढा गोड होता, तर याने एक रात्र तरी तिथे काढून बघायची होती.

बारा वर्षं तिने मूग गिळले. घरात कटकट नको, म्हातारी माणसं आहेत, आपण एकट्याने काय होणार, असली सगळी कारणं तिच्याजवळ तयार होती. तुमच्या-माझ्याजवळही असतात. त्या दुपारीसुद्धा तिने खोली दोन फूट वाढवली. माणूस राहणार त्या खोलीला खिडकी हवी, असा नियम आहे. तो टाळायला तिने खोलीत 'स्टोअर' असा शब्द लिहिला, खाली आपली सही ठोकली आणि नकाशा महापालिकेत दाखल केला. रात्री ऋचाच्या केसांत तेल घालताना तिचा हात मध्येच थांबला. पोरीने विचारलं, "काय झालं गं?" आभा म्हणाली, "काही नाही."

जागा पाहायला महापालिकेच्या इंजिनियर येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी आभा 'बाजूला' झाली. आता आली का पंचाईत! पण शास्त्रीबुवा डगमगले नाहीत. "मी दाखवतो जागा. त्यात काय एवढं?" असं म्हणून ते उपरणं सावरत फाटकात उभे राहिले.

आलेल्या बाईंचं नाव ललिता गावित. मूळच्या कळवणकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेप काढली, नकाशा उघडला आणि पहिल्याच प्रश्नाला शास्त्रीबुवा अडखळले.

"जिन्याचा जुना भाग पाडणार की ठेवणार?"

"ते आमच्या सूनबाई सांगतील. नकाशा त्यांचाच."

"मग बोलवा ना त्यांना."

"ती बाजूला आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

गावितबाईंनी मान हलवली, टेप गुंडाळली आणि त्या सरळ फाटकाबाहेर पडून बाजूच्या बंगल्यात गेल्या. तिथे बेल वाजवली. कुत्रं भुंकलं. धुणं वाळत घालणाऱ्या तिथल्या कामवाल्या सुलाबाईने गच्चीवरून विचारलं, "कोण पायजे, ताई?"

"शेजारच्या इंजिनियर मॅडम इथे आल्यात ना?"

"इथं नाय कुणी," सुलाबाई म्हणाली. मग शास्त्रीबुवांच्या बंगल्याकडे बघत हसली. "अवो, त्या बाजूला म्हंजे मागं. बोळात बघा."

गावितबाई परत आल्या त्या समोरच्या दाराने नाही. मोजमाप घेत घेत त्या बोळातून मागे गेल्या. शास्त्रीबुवा "अहो, तिकडे काही नाही" असं म्हणत मागोमाग निघाले, आणि विटाळाच्या भयाने चार-पाच हात अलीकडेच थबकले.

पत्र्याचं दार उघडं होतं. कॉटवर मांडी घालून, लॅपटॉपवर त्याच घराचा नकाशा उघडून आभा बसली होती. पायाशी उष्टं ताट. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत दिवा लागलेला.

गावितबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग खोलीकडे. "इथे स्टोअर लिहिलंय. कोण राहतं इथे?"

आभाने तोंड उघडण्याआधीच लांबून उत्तर आलं.

"कोणी नाही हो. अडगळ आहे."

सून समोर बसलेली. तिच्या मांडीवर त्यांच्याच घराचं काम. आणि शास्त्रीबुवा, ज्यांच्या मंत्रांनी लोकांच्या पितरांना म्हणे गती मिळते, ते सांगत होते की या खोलीत अडगळ आहे. आभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कॉटवरून उठली.

"मी राहते," ती म्हणाली. "दर महिन्याला. आणि नव्या नकाशात ही खोली दोन फूट मोठी आहे, ती माझ्या मुलीसाठी. स्टोअर मी खोटं लिहिलंय."

गावितबाईंनी पेन काढलं. "मॅडम, मी यावर शेरा मारणार. माणूस राहणार तर खिडकी पाहिजे. दुरुस्त नकाशा द्यावा लागेल, तुमच्या सहीचा आणि मालकांच्या सहीचा."

"एवढंच ना?" शास्त्रीबुवांचा जीव भांड्यात पडला. "आभा, खिडकी काढ एक. चांगली मोठी काढ. मी कुठे नाही म्हणतो?"

ऐकलंत? त्यांचं खिडकीशी भांडण नव्हतंच. हवा द्यायला ते तयार होते, उजेड द्यायला तयार होते, उद्या म्हणाल तर पंखाही लावला असता. फक्त त्या खोलीत बाईला ठेवायची, एवढी त्यांची साधी अट. नियमाची कातडी किती पातळ असते आणि रूढीची किती जाड, ते आभाला त्या एका वाक्यात कळलं.

"खिडकी नाही काढणार, बाबा. खोलीच काढून टाकणार. ही खोली असलेल्या कुठल्याही नकाशावर माझी सही होणार नाही."

"नको करूस," शास्त्रीबुवांचा आवाज चढला. "नाशकात इंजिनियरांचा दुष्काळ नाही पडलेला. दुसरा आणतो."

"आणा," मागून कोणीतरी म्हणालं. "माझी सही कुठून आणाल?"

इंदिराबाई होत्या. सोवळं नेसलेल्या, हाताला नैवेद्याची कणीक तशीच. घर त्यांच्या नावावर होतं. कोणे एके काळी कर वाचावा म्हणून शास्त्रीबुवांनीच ते केलं होतं आणि 'घरची लक्ष्मी' म्हणून चारचौघांत मिरवलंही होतं. सहीपुरती लक्ष्मी. गंमत पाहा, विटाळशीच्या हातची पोळी या घरात चालत नव्हती, सही मात्र बिनदिक्कत चालत होती.

"तू आत जा," शास्त्रीबुवा म्हणाले. "सोवळ्यात आहेस."

इंदिराबाई आतच गेल्या, पण त्या खोलीच्या आत. आभाला घेऊन कॉटवर बसल्या आणि कणकेच्या हाताने तिचा हात धरला.

"मयुरेशच्या आधी मला दिवस गेले होते," त्या बोलू लागल्या. बोलत होत्या सुनेशी, बघत होत्या नवऱ्याकडे. "मला कळलंच नव्हतं. अंगावर जायला लागलं तशी मी बाजूला येऊन बसले. खूप जात होतं. मी या दारातून हाका मारल्या. तुमच्या आई तिथे उभ्या होत्या, आता तुम्ही उभे आहात ना, तिथेच. म्हणाल्या, चौथ्या दिवशी न्हालीस की दवाखान्यात नेऊ. तुम्ही पूजेत होतात. माझं पहिलं लेकरू या खोलीत गेलं. त्याला कोणी शिवलंसुद्धा नाही."

शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं आणि नजर बोळाकडे वळवली.

"इतकी वर्षं मी गप्प बसले, आणि पुढे आभालाही मीच इथे पाठवली. ते पाप माझं. पण माझ्या नातीसाठी इथे कॉट नाही पडायची. मजला नाही झाला तरी चालेल."

गावितबाईंनी शेरा लिहिला आणि त्या निघाल्या. जाताना आभाला एवढंच म्हणाल्या, "नवीन नकाशा घेऊन या, मॅडम. वाट बघते."

इंदिराबाईंनी सुनेचा हात सोडला नाही. दोघी बोळातून पुढे आल्या, समोरच्या पायऱ्या चढल्या, देवघरासमोरून स्वयंपाकघरात गेल्या. देव जागच्या जागी होते. शास्त्रीबुवा त्या दिवशी जेवले नाहीत. मयुरेश संध्याकाळी आला, बायकोला ओट्याशी पाहून चक्रावला आणि कुजबुजला, "चौथा दिवस झाला का?" आभाने तव्यावरची पोळी उलटली.

आभाने टेबलावर नकाशा पुन्हा पसरला. मागच्या खोलीच्या चारही भिंती पुसल्या. परवानगी मिळेल की नाही, सिंहस्थाआधी मजला उठेल की नाही, शास्त्रीबुवा पुन्हा या टेबलाशी जेवायला बसतील की नाही, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. पण जिथे तिची लेक निजायची होती, तिथे आता कोरा कागद होता. तुमच्या घराच्या नकाशात अशी खोली नसेलही. कुठे कोपऱ्यातली चटई असेल, कुठे वेगळं ताट असेल, कुठे नुसता दबक्या आवाजातला एक शब्द असेल. तो कोण पुसणार आहे?

तेवढ्यात फोन वाजला. ऋचाने धावत जाऊन घेतला. पलीकडून कोणीतरी आईची चौकशी केली. पोरीच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ती थांबली, वळून तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आई घरात आहे," ती म्हणाली. "देते हं."