टोपड्यासकट वजन

मी रेणुकाताईच्या पिशवीतला वजनकाटा बोलतोय. वर कडी, खाली झोळी आणि मध्ये लाल, पिवळा, हिरवा पट्टा, एवढाच माझा देह. रेणुकाताई दुसरबीडकडच्या एका खेड्यातली आशाताई. दवाखान्यातून बाळ घरी आलं, की ते अंगानं भरतंय का हे मी सांगायचं आणि तिनं वहीत लिहायचं. खोटं मला जमत नाही. माणसांना ते मायेपोटीही जमतं, हे मी तिच्याकडेच पाहिलं.

गावाशेजारी टायर जाळून तेल काढायचा कारखाना आला. तेव्हापासून वाळत घातलेल्या लंगोटांवर काजळी बसते आणि माझा काटा हिरव्यावर जाता जात नाही. पहिल्यांदा एका घरी तसं झालं, तेव्हा तिथल्या सासूबाई मनकर्णाबाई सुनेवर घसरल्या. पोटुशी असताना नीट खाल्लं नाही म्हणे. सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. रेणुकाताईला राहवेना. तिनं बाळाला टोपडं घातलं, जाड दुपट्यात गुंडाळलं आणि पुन्हा तोललं. काटा हिरव्यावर आला, मनकर्णाबाई गप्प झाल्या. त्या वर्षात अशी अकरा बाळं मी तोलली.

मग गावानं कारखान्याविरुद्ध अर्ज दिला. चौकशीला आलेल्या साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, “तुमची तर सगळी बाळं चांगल्या वजनाची आहेत.” अर्ज तिथंच निकालात निघाला. रेणुकाताईनं वही परत पिशवीत ठेवली. मला तिचा राग आला, कीवही आली.

पुढे तिचीच लेक सुचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रीतच तशी. सासरच्या हिवरा आश्रम गावची स्वच्छ हवा सोडून तीन महिने ती इथला धूर गिळत राहिली. आज तिची मुलगी सात दिवसांची. दूध ओढताना दमते, श्वासागणिक बरगड्या आत जातात.

रेणुकाताई बाळाचं टोपडं सोडू लागली, तशी सुचितानं तिचा हात धरला.

“राहू दे वं माय. सासूबाई येऊन राह्यल्या.”

“नाही बाई. तुह्याआधी अकरा जणींले मी टोपडं ठेवूनच वाचवलं.”

उघडं बाळ झोळीत आलं आणि काटा लालवर थांबला. एक किलो आठशे. रेणुकाताईनं तेवढंच लिहिलं, गाडी बोलावली आणि मायलेकी बाळाला घेऊन दवाखान्यात गेल्या.

घाईत मी अंगणातल्या बाजेवरच राहिलो. झोळीवर काजळी बसतेय. शेजारी वही उघडी पडलीय.

साहेब, पाया पडतो, परत या. ती वही मिटा आणि मला घेऊन घरोघर चला. अकरा बाळं लिहिलीत. तुम्हाला नऊच सापडतील.