पोकळ मुठीचा कॅन

मित्रांनो, मी पाच लिटरचा एक जुना पांढरा कॅन आहे. काजूच्या मोहोरावर मारायचं विष माझ्यात भरून आलं. माझ्या अंगावर कवटीचं चित्र होतं. ते उन्हापावसात पुसलं गेलं, इंग्रजी अक्षरं तेवढी टिकली.

विषाला 'दवा' म्हटलं की माणसं निर्धास्त होतात, हे मी आरोंद्याजवळ परशुरामांच्या बागेत पाहिलं. फवारणी संपल्यावर त्यांनी मला हलवून बघितलं. "घट्ट आसा. टाकूचो कित्याक?" आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच.

त्यांच्या पत्नीने, यशोदाबाईंनी, मला दोनदा विसळलं. पण माझी मूठ आतून पोकळ आहे. तिथे घोटभर विष दडून राहिलं. मला ते दिसत होतं, सांगता येत नव्हतं.

मग माझ्यात पेजेचं पाणी भरलं गेलं, सोनुलीसाठी. सोनुली म्हणजे त्यांच्या गाईची दोन महिन्यांची पाडी. यशोदाबाईंनी मला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, टोपावर पालथं धरलं आणि मुठीतलं सगळं खाली उतरलं. तेवढ्यात सावंतवाडीहून भाचा आला, सर्वेश. कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याने मला उचलून वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"मामी, हेच्यावर काय लिवलाहा, ठावक आसा?"

"माका खंय इंग्रजी कळता? तू मास्तर, तूच सांग."

"टॉक्सिक! मुळापासून सांगतंय. ग्रीक लोक धनुष्याक टॉक्सॉन म्हणत."

"रामाच्या धनुष्याक?"

"थांब गो मामी, मधी बोलू नको. बाणाच्या टोकाक लावत ता टॉक्सिकॉन. त्याच्यातसून इंग्रजीत टॉक्सिक इला, टॉक्सिन इला. दारवेची झिंग, इंटॉक्सिकेशन, ता पण त्याच घराण्यातला."

ओटीवरून परशुराम म्हणाले, "म्हंजे आमचो शेजारी महादू रोज सांजचो बाण मारून घेता!"

सगळे हसले. सर्वेश सर्वांत जास्त हसला, त्याला श्रोते मिळाले होते. हसता हसता यशोदाबाईंनी पायाने टोप पाडीपुढे सरकवला.

"पण अर्थ काय रे त्याचो?"

"अर्थ? विष."

सोनुली पीत होती.

टोप लाथाडला गेला, गुरांच्या डॉक्टरांना फोन झाला. तिच्या तोंडाला फेस आला, पाय ताठले. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. गाय दावणीला हंबरत राहिली. यशोदाबाई पाडीच्या मानेवर हात ठेवून एवढंच बोलल्या, "अर्थ आधी सांगूचो रे, सर्वेशा."

हल्ली तो वर्गात अर्थ आधी सांगतो म्हणे. सांगत असेलही.

परशुरामांनी मला कुंपणापलीकडे भिरकावलं. काल तिथून महादू गेला. त्याने मला उचललं, हलवलं आणि म्हणाला, "घट्ट आसा." पुन्हा तीच स्तुती, मित्रांनो. आता मी त्याच्या पडवीत आहे आणि उद्या माझ्यात काय भरतील, मला माहीत नाही.

रिकामा झालेला माझ्यासारखा कॅन दिसला तर जपून ठेवू नका. एक मोठा खिळा घ्या आणि माझ्या पोटातून आरपार मारा. मला दुखणार नाही. मात्र त्यानंतर कुणाची पेज मला धरून ठेवता येणार नाही.