आर्डिसची दोन मिनिटं

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँट राज्यातल्या गावांत गावसभेचा दिवस. रस्त्यावर घोट्यापर्यंत चिखल, शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, मागच्या स्वयंपाकघरात जेवणाची गडबड, आणि पुढे हातोडा घेऊन मी, मर्ल टाट्रो, सभापती. सभापतीने कुणाची बाजू घ्यायची नसते. पण खरं सांगतो, त्या सकाळी मी मनातून पूर्णपणे एल्विनचा होतो.

एल्विन पर्रिंग्टन म्हणजे आमच्या पंचमंडळाचा प्रमुख. माणूस कामाचा. पुरात पूल खचला तेव्हा सरकारची वाट न बघता स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन तो नदीत उतरला होता. आणि शेळ्या पाळणारी म्हातारी आर्डिस कोलबर्न म्हणजे त्याच्या डोक्याला कायमचा ताप. विषय कुठलाही असो, बाई उभी राहणार आणि रस्त्याच्या खडीपासून निघून थेट आजोबांच्या बैलांपर्यंत पोचणार. मागच्या वर्षी तिने असं काही चऱ्हाट लावलं की निम्मी मंडळी कंटाळून घरी गेली आणि एल्विनचा आगीचा नवा बंब मतदानात आपटला.

म्हणून यंदा एल्विनने ठरावच आणला. ज्याला सभेत बोलायचं असेल त्याने आठवडाभर आधी कारकुनाकडे नाव द्यावं आणि दोनच मिनिटं बोलावं. नाव दिलं नसेल त्याने गप्प बसावं. रोख कुणावर होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आर्डिस मात्र शेवटच्या रांगेत शांतपणे मोजा विणत बसली होती.

एल्विनने ठराव वाचला, कुणीतरी अनुमोदन दिलं. तेवढ्यात शाळेची बस चालवणारी ओडेट गॅन्यों उभी राहिली.

"सभापती, नियम एवढा झकास असेल तर पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच्या चर्चेपुरता लावून बघू की. बूट घेतानासुद्धा आपण आधी पायात घालून बघतो."

"लावा, लावा!" एल्विन हसत म्हणाला. "मला कसली भीती?"

सगळ्यांना भुका लागलेल्या, चर्चा लवकर आटपली तर हवंच होतं. भराभर हात वर झाले. मी कारकूनबाईंकडे वळलो. "विनिफ्रेड, कुणाकुणाची नावं आलीत?"

"एकच आलंय," तिने चष्मा सारखा केला. "आर्डिस कोलबर्न."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. "म्हटलं, झालाच मंजूर तर?" आर्डिस सुईवरची नजर न काढता म्हणाली. "आपली सोय करून ठेवली."

एल्विनचा चेहरा उतरला. "अरे, पण ठराव माझा आहे! मला तो नीट समजावून तरी सांगू दे."

दुसऱ्यांसाठी नियम करताना आपलं नाव द्यायचं राहूनच गेलं होतं त्याचं. मी हातोडा आपटला. "तुझं नाव नाही, एल्विन. खाली बस."

तो बसला. कानापर्यंत लाल झालेला, हात मांडीवर ठेवून. हशा हळूहळू ओसरला. ज्याने गावाचा पूल वाचवला त्यालाच मी गावात तोंड उघडू देत नव्हतो, आणि मला माझीच लाज वाटली.

आर्डिस उठली. आता ती जुना हिशोब चुकता करणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"मर्ल, घड्याळ लावलंस ना? हे बघा, एल्विनला सुनावण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. खडीबद्दल तर आहेच. पण आत्ता त्याला खाली बसवलं ना, ते मला नाही बघवलं. नवऱ्याशी मी जन्मभर भांडले, पण त्याचं तोंड कधी दाबलं नाही. तोंड दाबून जिंकण्यात कसली आलीये मजा? माझा उरलेला वेळ एल्विनला द्या. बोल रे बाबा. आणि जरा दमदार बोल, मिळमिळीत नको."

एल्विन उभा राहिला. त्याने आर्डिसकडे बोट दाखवलं.

"ही बाई फार बोलते," तो म्हणाला.

"बोलते!" हॉल एका सुरात म्हणाला. आर्डिसही.

"आणि बंबाच्या बाबतीत ती चुकलीच होती. पण आत्ता इथे गप्प बसलो तेव्हा वाटलं, मी या गावचा कुणीच नाही. मर्ल, ठराव मागे घेता येईल?"

"नाही. मांडला की तो सभेचा झाला. मत घ्यावंच लागेल."

आमच्याकडे अशा वेळी बाजू पायांनी निवडायची असते. ठरावाच्या बाजूचे खिडकीकडे जातात, विरोधातले भिंतीकडे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालत जावं लागतं, लपायची सोय नाही. सगळ्यात आधी एल्विन निघाला, आणि सरळ भिंतीला पाठ लावून उभा राहिला, स्वतःच्याच ठरावाविरुद्ध. मग ओडेट, मग दुधवाले, पाववाले, ओले हात पुसत स्वयंपाकघरातल्या बायका. भिंतीपाशी उभं राहायला जागा उरली नाही. खिडकीकडे कुणीच नव्हतं.

मी हातोडा आपटला, तो टाळ्यांमध्ये कुणाला ऐकूही गेला नाही. आपलं गाव एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"पुढचा विषय," मी म्हणालो, "रस्त्यांचा खर्च."

शेवटच्या रांगेत हात वर झाला. एल्विनने कपाळावर हात मारून घेतला. मग उठला, आपली खुर्ची उलटी फिरवली आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

"बोला आर्डिसबाई," तो म्हणाला. "ऐकतोय."