बादलीतल्या आया

"बाई, आज तरी कपाळावरच्या आठ्या काढा," असं म्हणत शिगेतोने निळी बादली माझ्या पुढ्यात ठेवली. "बघा माझी पिल्लं!"

हा शिगेतो कुमाझाकी म्हणजे आमच्या काजवा मंडळाचा अध्यक्ष. घरांवर कौलं घालायचा त्याचा धंदा. पन्नाशीला आलाय, पण तिसरीत त्याला शास्त्र मीच शिकवलं. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे इथे मला तोयोको म्हणून कोणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी बाईच.

महापुरानंतर ओढ्याचे काठ सिमेंटने बांधून काढले आणि काजवे गेले. नऊ उन्हाळे एक ठिणगी दिसली नाही. काजव्याची अळी पाण्यात राहते आणि कावानिना नावाची काळी, लांबोडकी गोगलगाय खाऊन वाढते. तिला दुसरं काही चालत नाही, भारी नखरेल! म्हणून शिगेतोने हिवाळाभर घरामागच्या टाकीत गोगलगाई पोसल्या आणि त्यांना घरातली सगळी कोबी घातली. त्याची बायको नोबुए येईल त्याला सांगायची, "मी तापाने फणफणले तरी हा विचारणार नाही. टाकीच्या पाण्यात मात्र तीनतीनदा थर्मामीटर बुडवतो."

आज त्या गोगलगाई ओढ्यात सोडायच्या होत्या. पिवळ्या टोप्यांची शाळकरी पोरं हातात कागदी पेले घेऊन रांगेत उभी होती. गावप्रमुखांचं भाषण काही संपत नव्हतं. पलीकडे नोबुए आणि चारजणी मोठ्या पातेल्यात सूपासाठी आधण ठेवून मुळे चिरत होत्या.

मी बादलीत डोकावले. अगं बाई, केवढ्या त्या! तळ दिसत नव्हता. सगळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार, आणि सगळ्या वळवळणाऱ्या. मलासुद्धा आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, यंदा काजवे येतात!

"आणि मोठ्या कुठायत?" मी विचारलं.

"कुठल्या मोठ्या?"

"अरे, यांच्या आया."

"मागवल्या तेव्हाही एवढ्याशाच होत्या, बाई. काजव्यांचं खाद्य म्हणून विकत मिळतात. मूठभर आणल्या आणि बघा किती झाल्या!"

"हिवाळाभर कोबी हाणून एकही वाढली नाही?"

"थंडी होती ना."

"आणि वाढल्या नाहीत, तरी पिल्लं घातली?"

शिगेतो हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

मी पिशवीतून भिंग काढलं. माझ्या पिशवीत रुमाल नसेल पण भिंग असतं. नोबुएकडून पांढरी बशी आणि चमचा हिसकावून घेतला, एक गोगलगाय बशीत ठेवली आणि चमच्याच्या टोकाने अलगद फोडली. भिंगातून पाहिलं. मग बशी आणि भिंग शिगेतोच्या हातात दिलं.

"वाळू आहे," तो म्हणाला.

"डोळे उघड आणि बघ. तिसरीतही तू असाच अंदाजपंचे उत्तरं द्यायचास."

त्याने डोळा भिंगाला चिकटवला.

"बाई, हिच्या पोटात पिल्लं आहेत. कवचासकट."

"मग ही कोण?"

"आई," तो पुटपुटला.

आईच! कावानिना बोटाच्या पेराएवढी झाल्याशिवाय पिल्लं घालत नाही. ही परमुलखातून आलेली दुसरीच जात. ही एवढीशीच राहते, नर नसला तरी हिचं अडत नाही, आणि एकटी जरी ओढ्यात पडली तरी सगळा ओढा भरून टाकते. दगडावरचं शेवाळ ती चाटूनपुसून खाणार, आणि आमची कावानिना बसणार उपाशी. मग काजवे कसले नि काय!

तेवढ्यात भाषण संपलं. "चला मुलांनो, पेले भरा!" गावप्रमुख ओरडले आणि सगळ्या पिवळ्या टोप्या बादलीकडे धावत सुटल्या.

मी ओरडणार, इतक्यात शिगेतोने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. सगळं गाव समोर, गावप्रमुख समोर, आणि गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं? पण तो गडी धाडकन गुडघ्यांवर पडला आणि त्याने बादलीला मिठी मारली.

"थांबा! कोणी हात लावायचा नाही! चुकलो मी! या त्या नव्हेत!"

पोरं जागच्या जागी थिजली. शिगेतो उठला, बादली उचलून पातेल्याशी गेला आणि नोबुएला म्हणाला, "ओत." तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकही टोमणा न मारता उकळतं आधण बादलीत ओतलं. शिगेतो ढसाढसा रडत होता. मीही रडले, त्यात लाजायचं काय?

रडता रडताच मला सुचलं. "शिगेतो, टाकीचं पाणी बदललंस की ते कुठे ओततोस?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "गटारात. आणि गटार येतं..." त्याने पुलाखालच्या पाइपाकडे बोट दाखवलं.

मग काय विचारता! गावप्रमुखांसकट सगळ्यांनी विजारी दुमडल्या आणि मार्चच्या त्या बर्फाळ पाण्यात उड्या घेतल्या. पाइपापासून खाली एकेक दगड उलटायचा, सापडेल ती गोगलगाय बशीत टाकायची. चहूकडून नुसता एकच ओरडा, "बाई, ही आई की पिल्लू?" "बाई, हिचं टोक झिजलंय!" "झिजलंय ना? परकीचं टोकदार असतं. मग ही आपलीच! ठेव परत!" मी भिंग घेऊन या काठावरून त्या काठावर नुसती धावत होते. गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. गावप्रमुखांनी मोठ्या ऐटीत एक बारीक खडा आणून दिला, त्यांनाही तिसरीत मीच शिकवलं होतं.

पाइपाखाली ती परकी एकही नव्हती. ओढ्याच्या वळणापर्यंतही नाही. ज्या होत्या त्या आपल्या, लांब, काळ्या, जाडजूड कावानिना, अगदी सिमेंटच्या फटीतसुद्धा! दर रविवारी पुन्हा शोधायचं, असं मी तिथल्या तिथे फर्मान काढलं.

"ई! बाई, हा कसला घाणेरडा किडा?"

शिगेतो वळणाजवळ उभा होता. त्याच्या तळहातावर एक मोठी कावानिना होती आणि तिच्या तोंडात डोकं खुपसून बसलेलं काहीतरी काळपट, करंगळीच्या पेराएवढं, दोन्ही बाजूंना झालर असलेलं. तो ते झटकणारच होता.

"झटकलंस तर हात मोडीन!" मी किंचाळले. "दुसरा हात वर धर. ओंजळ मीट. पूर्ण मीट, उजेड जाता कामा नये. आता अंगठ्यांमधून आत बघ."

त्याने डोळा लावला.

"बाई," तो म्हणाला, "आत दिवा लागलाय."

काजव्याची अळी! आमच्याच ओढ्यात, आमचीच गोगलगाय खात बसलेली! दर जूनमध्ये पुलावर झगझगीत दिवे लावून आम्ही काजव्यांची वाट बघत होतो आणि ते बिचारे उजेडाला बुजून वळणाआड अंधारात संसार करत होते. अख्खं मंडळ गाढवांचं, आणि त्यात मीही आले.

पोरांनी पुन्हा रांग लावली. रिकामे पेले काठावर पडले होते. शिगेतो गारठलेल्या पाण्यात ओणवा उभा राहिला आणि एकेकाच्या डोळ्याशी ओंजळ नेऊ लागला. सगळ्यांत शेवटी नोबुए आली. तिने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"याला कोबी लागत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," शिगेतो म्हणाला, आणि अळीला जिथून उचललं होतं त्याच दगडाखाली त्याने अलगद ठेवलं.