घासलेटात धुतलेली रबरं

इद्रिस मिस्त्रीनं आजवर वीसेक गाड्या तोरणमाळला चढवल्या असतील, पण त्याच्या पाचावर धारण बसली ती या एकाच खेपेला, आणि तीही गाडी शहाद्यातून हलायच्या आधी. कारण काय झालंय ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. जीपच्या ब्रेकची रबरं त्यानं घासलेटात धुतली होती.

ज्यानं कधी पाना हातात धरला नाही तो म्हणेल, त्यात काय एवढं. तर ऐका. ब्रेकच्या नळीत तेल असतं, आणि ते तेल चाकाकडे ढकलायला नाण्याएवढ्या रबरी टोप्या असतात. पायडल दाबलं की त्या तेल ढकलतात आणि गाडी थांबते. ही रबरं स्पिरिटनंच पुसायची. घासलेट लागलं की ती फुगतात, मग आतच अडकतात, आणि शेवटी फाटतात. पहिल्याच महिन्यात उस्तादनं कानशिलात ठेवून देऊन ही गोष्ट इद्रिसला शिकवली होती. इतकी पक्की शिकलेली गोष्ट माणूस विसरत नाही, आणि इद्रिसही विसरला नव्हता. तेच तर त्याचं दुखणं होतं.

झालं असं की तोरणमाळच्याही पुढच्या एका पाड्यावर देवीची साथ आली. साल अठ्ठावन्नचं, चैत्राचं ऊन. धुळ्याहून लस यायची, तीही बर्फ भरलेल्या थर्मासात, आणि दवाखान्याच्या नर्स सिंधुबाई ती घेऊन वर जायच्या. बर्फ वितळला की लस वाया. म्हणून लोणखेड्याच्या चुनीलालशेठनी आपली लढाईच्या काळातली जीप दिली आणि इद्रिसला निरोप पाठवला, दोन दिवसांत गाडी डोंगराला लायक करून दे.

दोन दिवसांत त्यानं काय नाही केलं? स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घालून वर सुंभ आवळला. मागं पेट्रोलचे दोन डबे दोरानं असे बांधले की हत्तीनं ओढले तरी निघू नयेत. पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगली. टाकी दगडानं फुटली तर भोक बुजवायला साबणाची वडी, पंक्चरला जुनी ट्यूब, दोन जादा पाटे, तारेचं भेंडोळं. हँडब्रेक होता म्हणा, पण तो सपाटीवर जीप धरेल याचीही कुणी हमी दिली नसती. तेव्हा सगळी मदार पायातल्या ब्रेकवर. तो खोलला तर रबरं चिकट मळानं माखलेली, आणि स्पिरिटची बाटली रिकामी.

स्पिरिट आणणार कुठून? दारूबंदीचे दिवस. लोक स्पिरिटच पितात म्हणून ते परवान्याशिवाय मिळेना. गेल्या साली अर्ध्या बाटलीसाठी फौजदारानं इद्रिसला सबंध दिवस चावडीसमोर उभा केला होता. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, नमाजी माणूस, आणि येणारेजाणारे बघून हसत होते. तेव्हापासून स्पिरिट हा शब्द जिभेवर आला की त्याची मान आपोआप खाली जायची.

औषधांच्या पेटीचं माप घ्यायला तो दवाखान्यात गेला तेव्हा कपाटात बाटली समोरच होती. वास नाकात शिरला. सिंधुबाई कापूस वळत बसल्या होत्या. इद्रिस दारात थबकला, तोंड उघडलं, आणि मनात आलं, ही बाई काय समजेल? तो मुकाट्यानं माप घेऊन परत आला. रबरं घासलेटात बुडवली, झटकन काढली, फडक्यानं चारदा पुसली, एरंडेल चोळलं आणि बसवून टाकली. 'दोन क्षणांत काय होतंय,' असं तो मोठ्यानं म्हणालासुद्धा, गॅरेजमध्ये कुणी नसताना.

आता शहाद्याची एक रीत होती. डोंगरात जाणारी गाडी ज्या मिस्त्रीनं तयार केली, त्यानं घाटमाथ्यापर्यंत तिच्याबरोबर जायचं, हातात लाकडी ठोकळा घेऊन. घाटाची वळणं इतकी आवळ की गाडी एका दमात वळत नाही. पुढं जायचं, थांबायचं, थोडं मागं यायचं, मग पुन्हा पुढं. थांबली की मिस्त्रीनं उडी मारून मागच्या चाकाला ठोकळा लावायचा. इद्रिस एरवी शीळ घालत जायचा. या खेपेला त्यानं बायकोला, अख्तरबानोला, पोटात दुखतंय असं सांगून बघितलं. तिनं ओवा दिला. ओवा चावत तो गाडीपाशी आला.

ड्रायव्हर रायसिंग आधीच येऊन बसला होता. डोंगरावरचाच पावरा आदिवासी, सहा वर्षं शेठच्या गाड्या हाकणारा, बोलायला महाकंजूस. साथ आलेल्या त्या पाड्यावर त्याची सासुरवाडी होती, आणि चार वर्षांची लेक तिथंच आजीजवळ होती. अजून बरी होती. हे त्यानं सांगितलं नाही, सिंधुबाईंनी सांगितलं.

"गाडी तयार शे का, मिस्त्री?" रायसिंगनं अहिराणीत विचारलं.

"शे," इद्रिस म्हणाला. त्याच्या तोंडातला ओवा कडू लागला.

रायसिंगनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग बटण दाबलं.

गोमाई ओलांडली, शेतं मागं पडली. रस्ता सरळ होता, तरी इद्रिसचा जीव टांगणीला. दहाबारा मैलांवर पाणी घालायला गाडी थांबली, तेव्हा त्यानं कुणाचं लक्ष नाहीसं बघून मागच्या चाकाच्या ड्रमला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. ब्रेक न दाबता ड्रम तापला होता. म्हणजे रबरं फुगून अडकली, ब्रेक सुटतच नव्हता. पुढचं काय ते त्याला पाठ होतं. आधी अडकणार, मग फाटणार, मग पायडल पार फळीला टेकणार.

आता सांगावं? सांगितलं तर गाडी परत. थर्मासातला बर्फ उद्यापर्यंत राहणार नाही, आणि वर पोरं मरताहेत. शिवाय शहाद्यात कोण पुन्हा त्याच्या हाती गाडी देईल? न सांगावं? तर घाटात नऊ वळणं, आणि एका बाजूला दरी. तो मूग गिळून बसला. खरं सांगायचं तर त्यानं काही ठरवलं नव्हतं, नुसती जीभ उचलली नाही.

पायथ्याशी रायसिंगनं गाडी उभी केली आणि सिंधुबाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही पायवाटनी चढा. थर्मास संगे लई जा. गाडीले वझं व्हस."

सिंधुबाई धुळ्याच्या, पदर खोचून चालायला कुठंही तयार. "ठीक आहे. माथ्यावर भेटू," म्हणाल्या आणि थर्मास काखेत मारून निघाल्या. इद्रिसला हायसं वाटलं. निदान बाई आणि लस तरी सुटली. पण त्या जेमतेम पन्नास किलो, त्यांचं कसलं ओझं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. भीतीनं माणसाचं डोकं एकाच जागी गरगरत राहतं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. रायसिंगनं ब्रेक दाबला, गाडी थांबली. इद्रिसनं उडी टाकली, ठोकळा लावला. गाडी मागं घेतली, वळवली. दुसरं वळण, तिसरं. प्रत्येक वेळी रायसिंगचा पाय आधीपेक्षा थोडा अधिक खाली जात होता. इद्रिस ते बघत होता. आणि प्रत्येक वळणानंतर रायसिंग त्याच्याकडे एकदा बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे. इद्रिस अंगभर घामानं भिजला होता, आणि दोन्ही हातांनी ठोकळा छातीशी धरून बसला होता.

चौथ्या वळणावर खालून दगड घरंगळत गेल्याचा आवाज आला, तो किती वेळ येत राहिला. पाचव्याला जळकट वास सुटला. सहाव्याला रायसिंगनं पायडल दोनदा मारलं तेव्हा कुठं गाडी धरली. इद्रिसनं तोंड उघडलं. "रायसिंगभाऊ," एवढंच म्हणाला.

"काय?" रायसिंग चटकन वळला.

"काही नही."

रायसिंगनं गियर टाकला.

सातव्या वळणावर पायडल फळीला टेकलं. ठप्प असा आवाज झाला आणि गाडी थांबलीच नाही, मागं घसरू लागली, दरीकडे पाठ करून. रायसिंगनं हँडब्रेक ओढला, तो नुसता करकरला. इद्रिस कसा उडी मारून पडला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. त्याला एवढं आठवत होतं की चाक त्याच्या तोंडासमोर होतं, फिरत होतं, आणि ठोकळा त्याखाली सारताना त्याच्या तोंडून आईचं नाव निघत होतं. ठोकळा हातभर फरफटला. मग खडकाच्या एका खाचेत अडला, आणि गाडी थांबली. मागच्या चाकापासून दरीची कड दीड हातावर होती.

इद्रिसचा पायजमा ओला झाला होता. त्याला लाज वाटण्याइतकंही बळ नव्हतं. रायसिंग सावकाश खाली उतरला, एक मोठा धोंडा आणून दुसऱ्या चाकामागं ठेवला आणि इद्रिसच्या शेजारी मातीत बसला.

"मी रबरं घासलेटमा धुयात," इद्रिस म्हणाला. "स्पिरिट नव्हतं. माले ठाऊक व्हतं. तठे पाणी घालं ना, तवय ड्रम तपेल देखा मी."

"माले बी ठाऊक व्हतं," रायसिंग म्हणाला.

"काय?"

"रबरं नही. पण काहीतरी बिघडेल शे, हाई ठाऊक व्हतं. तू आज शीळ नही घाली. गाडीले तयार करणारा गाडीमा कसाले बसाडतस, मिस्त्री? ठोकळा तं कोणी बी लावस. त्यान्हं तोंड देखाले बसाडतस."

इद्रिस त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणजे बाईंना पायवाटेनं धाडलं ते म्हणून. म्हणजे प्रत्येक वळणावर तो बघत होता ते म्हणून.

"मंग तू कसाले चढना?"

"मन्ही पोर वर शे," रायसिंग म्हणाला. "माथावरथून पाडा अजून आठ कोस. गाडीबिगर बर्फ टिकाव नही. माले चढनंच व्हतं." त्यानं चाकामागचा धोंडा हलवून बघितला. "पण मी सात वळणं वाट देखी. आते सांगी, आते सांगी. माले बी भ्याव वाटी ऱ्हायनं व्हतं, इद्रिसभाई. तू शेजारी बठेल, आन मी एकलाच भ्याई ऱ्हायंतू."

फौजदारानं चावडीसमोर उभं केलं होतं तेव्हासुद्धा इद्रिसला इतकं मेल्यासारखं झालं नव्हतं.

वर अजून दोन वळणं होती, आणि गाडी तिथंच ठेवून चालणार नव्हतं. रायसिंग उठला, माती झटकली. "आते ब्रेक म्हंजे तूच," म्हणाला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

ती दोन वळणं इद्रिस पायी चढला, मागच्या चाकाच्या मागं वितभर अंतर ठेवून, ठोकळा दोन्ही हातांत. गाडी सर्वांत हळू गियरमध्ये घुरघुरत होती. मागं आलीच असती तर आधी त्याच्या अंगावरून गेली असती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. आपण मागं आहोत हे दर दहा पावलांवर इद्रिस ओरडून सांगत होता, शे, शे, मी शे. आवाज चिरकत होता, पण तो सांगत राहिला.

माथ्यावर सिंधुबाई एका दगडावर बसल्या होत्या, थर्मास मांडीवर. "इतका उशीर?" त्यांनी विचारलं.

रायसिंग काही बोलायच्या आत इद्रिस पुढं झाला. "बाई, ब्रेक गेला. चूक माझी आहे. रबरं मी घासलेटात धुतली. स्पिरिट मिळालं नाही म्हणून." ऐकताना बाईंचा चेहरा उतरत गेला. त्या कडेपर्यंत गेल्या, खाली बघितलं, परत आल्या. मग आपली पिशवी उघडून त्यांनी स्पिरिटची बाटली काढली आणि त्याच्यापुढं धरली. शिगोशीग भरलेली.

"परवा तुम्ही दारात थांबला होतात," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, काहीतरी मागायचंय. मी वाट बघितली. तुम्ही माप घेऊन निघून गेलात."

इद्रिसनं बाटली हातात घेतली. तिला चांगलं वजन होतं. आता तिचा काही उपयोग नव्हता. फुगून फाटलेली रबरं कशानंही जुळत नाहीत, नवी यायची ती धुळ्याहून, आणि ती येईपर्यंत गाडी उतरवायची नाही हे तिघांनाही कळत होतं. पण पाड्यापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट होता. हळू गियर, उताराला उडी टाकायला मागं एक माणूस ठोकळा घेऊन, आणि थर्मासात मूठभर बर्फ अजून खुळखुळत होता.

"मागणार होतो, बाई," तो म्हणाला. "भ्यालो."

बाईंनी बाटली परत घेतली, फडक्यात गुंडाळली आणि गाडीत बसल्या. रायसिंगनं इंजिन चालू केलं. मग मान बाहेर काढून मागं बघितलं.

"मिस्त्री, पुढे दोन उतार शेतस. भ्याव वाटनं तं सांगजो."

इद्रिसनं ठोकळा उचलला आणि तो मागच्या फळीवर चढला.

"वाटी ऱ्हायनं," तो म्हणाला. "आतेच वाटी ऱ्हायनं."

"माले बी," रायसिंग म्हणाला, आणि गाडी हळूहळू पुढं निघाली.